फुगेवालीच्या काड्या

ताईने किल्ली माझ्या हातात ठेवली, पण सोडली नाही. आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या, एका किल्लीची दोन टोकं धरून, आणि बाहेर टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

"फक्त पाणी घालायचं," ती म्हणाली. "एक दिवसाआड. बाकी सगळं माळीदादा बघतील. तू कशालाही हात लावू नकोस."

"अगं, मी काय लहान आहे का?"

"लहान होतीस तेव्हाही हेच म्हणायचीस."

तिला रेशमाचे किडे आठवत होते, दुसरं काय! मी सात वर्षांची होते, ती बारा. शाळेसाठी तिने बुटाच्या खोक्यात रेशमाचे किडे पाळले होते. त्यांना थंडी वाजत असेल म्हणून मी खोकं उन्हात नेऊन ठेवलं आणि खेळायला पळाले. पंचावन्न वर्षं झाली त्याला. पण ताई गणिताची मास्तरीण. तिच्या वहीत एकदा लाल फुली पडली की पडली.

शेवटी भाच्याने तिला हाताला धरून गाडीत बसवलं. दोन्ही गुडघे बदलायचे होते, आणि नंतर तीन महिने मुलाकडेच राहायचं होतं. गाडी वळली तरी ती काचेतून माझ्याकडे नाही, भिंतीलगतच्या वाफ्याकडे बघत होती. मला राग आला. मी म्हटलं, दाखवतेच हिला. परत येईल तेव्हा वाफा असा लखलखीत पाहिजे की तोंडातून शब्द फुटता कामा नये.

शेवटी शब्द फुटला नाही, हे खरं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी तीस वर्षं इस्पितळात सिस्टर होते, शेवटची आठ वर्षं वॉर्ड माझ्या ताब्यात. निवृत्त झाल्यावर गेल्या पानगळीत ताईच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. गल्लीत सगळे मला 'सिस्टर' म्हणतात आणि ताईला 'बाई'. माझ्या वॉर्डात चादरीला सुरकुती दिसली तर नव्या पोरी रडायच्या. खाट रिकामी झाली की अर्ध्या तासात धुऊन, पुसून, चादर बदलून तयार. रिकामी खाट मला बघवतच नाही. हा माझा गुण आहे असं मी जन्मभर समजत आले.

ताईचा वाफा दक्षिणेकडच्या भिंतीला लागून. बारा पावलं लांब, तीन पावलं रुंद. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत तिथे ऊन. थंडी सरली तशी सगळीकडे हिरवी टोकं वर यायला लागली. कडेची कंदांची फुलं आली, मागचे गुलाब फुटले, एका टोकाला ताईची लव्हेंडर भुरकट हिरवी झाली. आणि मध्ये, अगदी बरोब्बर मध्ये, चटईएवढी जागा उघडी. काळी माती, आणि त्यात खोचलेल्या आइस्क्रीमच्या काड्या. अकरा. ताईचा नातू सुट्टीत येऊन आइस्क्रीम खातो, त्या काड्या ती फेकत नाही.

तिथे फुगेवाली आहे, हे मला ऐकून माहीत होतं. त्या झाडाचं खरं नाव ताई सांगायची, पण मला ते कधी लक्षात राहिलं नाही. तिची कळी फुगते, फुग्यासारखी, आणि मग पाच पाकळ्यांचं निळं फूल उमलतं, म्हणून फुगेवाली. ताईने बी टाकून वाढवलेली. बी टाकल्यापासून धड फुलायला तीन वर्षं लागतात म्हणे, आणि हे तिसरं वर्ष. मी राहायला आले तेव्हा जमिनीवर नुसते वाळके बुडखे होते. ते फूल मी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं.

आठवडा गेला, दुसरा गेला. बाकी वाफा गुडघ्याएवढा झाला आणि मधली चटई तशीच. दर वेळी पाणी घालायला जायचे आणि ती रिकामी खाट मला खुणावत राहायची. आधी मी काड्या काढल्या. त्या वाकड्यातिकड्या काड्या बघून वाटायचं कुणी तिथे उंदीर पुरलेत. तरी फेकल्या नाहीत हं. धुतल्या, वाळवल्या, रबर लावून माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात ठेवल्या. कधीतरी उपयोगी पडतील. त्यांच्यावर पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं होतं, पण बागेत मी चष्मा नेत नाही.

मग एका मंगळवारी रोपवाटिकेवरून जाताना पेट्युनिया दिसल्या. लालभडक, टवटवीत. दोन ट्रे घेतले. माळीदादा यायचे सोमवारी आणि गुरुवारी. मला सल्ले ऐकायचे नव्हते, म्हणून मी बुधवारी सकाळी खुरपं घेऊन बसले.

पहिलं मूळ निघता निघेना. हातभर खोल गेलेलं, बोटाएवढं जाड, पांढरट मुळ्यासारखं. खुरप्याने खालचं टोक तुटलं, आणि तुटल्या जागी दूध आलं. पांढरंशुभ्र, चिकट दूध. थेंब जमला, ओघळला, माझ्या अंगठ्याला लागला.

मेलेल्या मुळातून दूध येत नाही. हे कळायला माळी असावं लागत नाही. मी तर तीस वर्षं माणसांच्या नाड्या बघितल्या. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. मी अंगठा लुगड्याला पुसला आणि मागे वळून बघितलं. दोन ट्रे पेट्युनिया उन्हात ठेवलेल्या होत्या, त्यांची पानं मान टाकायला लागली होती. मी पुढचं मूळ उपटलं, आणि मग त्याच्या पुढचं. अकराच्या अकरा मुळं मागच्या पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकून दिली. दुपारपर्यंत सरळ ओळीत, वीत-वीत अंतरावर, पेट्युनिया. वॉर्डच जणू.

त्या दुधाचं मी कुणाकडे बोलले नाही. स्वतःशीसुद्धा नाही.

गुरुवारी माळीदादा आले. बारा वर्षं ते ताईकडे काम करतात. माझ्याच वयाचे असतील, बारीक, कमी बोलणारे, डोक्यावर नेहमी तीच एक विटकी टोपी. ते त्या लाल ओळींसमोर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. मला ते बघवेना.

"मेलं होतं हो सगळं," मी म्हणाले. "एक हिरवं टोक नाही. मी वाट बघून बघून काढलं."

"सिस्टर, ती उशिराच येते. सगळ्यांचं झाल्यावर. आणखी पंधरा दिवस…" ते थांबले. "काड्या होत्या ना?"

"मला जिवंत-मेलेलं कळतं, दादा. तीस वर्षं तेच केलंय."

त्यांनी विचारलं, "मुळं कुठे आहेत?" मी ढिगाकडे हात केला. ते निघाले तशी मी मागून म्हणाले, "ताईला मी सांगेन बरं का. आत्ताच ऑपरेशन झालंय तिचं. तुम्ही काही बोलू नका."

"तुम्ही सांगणार म्हणताय तर मी कशाला बोलू?" ते म्हणाले, आणि मागे गेले. मी घरात जाऊन चहा टाकला.

दर रविवारी ताईचा फोन यायचा. गुडघ्यांचं दोन वाक्यांत आटपायची आणि मग विचारायची, "फुगेवाली वर आली का गं?" पहिल्यांदा मी म्हणाले, अजून नाही. खोटं नव्हतं ते. दुसऱ्यांदा म्हणाले, माती जरा वर उचलल्यासारखी वाटतेय. तिसऱ्यांदा मी चक्क सांगितलं की आलीत, टोकं आलीत, जांभळट आहेत. कुठून सुचलं कुणास ठाऊक. ताई फोनवर हसली. इतकी मोकळी हसली की मला ताई कॉलेजात होती तेव्हाची आठवली. "बघ," ती म्हणाली, "तुझ्या हाताला यश आहे. मी उगाच घाबरत होते." फोन ठेवून मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. लाज वाटली. पण लाज वाटून काय उपयोग, तोंड उघडायला पाहिजे होतं.

ताई आली ती चाकांच्या आधाराने, चौकटीसारखा तो वॉकर ढकलत. भाचा सामान उतरवत होता. ती घरात गेलीच नाही, थेट वाफ्याकडे. मी मागून, "अगं, आधी बस तरी, पाणी पी." ती लाल ओळींसमोर थांबली.

"हे काय आहे?"

अजूनही वेळ गेली नव्हती. हे मी पुढे शंभर वेळा मोजून बघितलंय. तिथे, त्या क्षणी, एक वाक्य बोलले असते तर ती चिडली असती, रेशमाचे किडे निघाले असते, आठवडाभर अबोला धरला असता आणि संपलं असतं.

"मला काय माहीत बाई," मी म्हणाले. "माळीदादांनीच काहीतरी बदललंय वाटतं."

"तू तर म्हणालीस, टोकं आलीत."

"आली होती ना. मी दोन दिवस आले नव्हते इकडे, पाठ धरली होती. तेवढ्यात केलं असेल."

पाठबिठ काही धरली नव्हती. पण एक खोटं बोललं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं, मग दुसऱ्याला तिसरं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. ताई ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली, पाय समोर स्टुलावर. माळीदादा फाटकातून आले, नमस्कार केला, गुडघ्यांची चौकशी केली. मी आतून चहाचे तीन कप ट्रेमध्ये घेऊन बाहेर आले, तर ताई विचारत होती, "दादा, फुगेवाली तुम्ही काढलीत?"

ते ताईकडे नाही, माझ्याकडे बघायला लागले. रागाने नाही. दारात अडलं की आपण समोरच्याला वाट देतो ना, तसे. तुम्ही आधी, सिस्टर.

आणि मी काय केलं? मी ट्रे पुढे केला आणि म्हणाले, "साखर किती घालू, दादा?"

ते बिनसाखरेचा पितात. गेले तीन महिने दर सोमवारी आणि गुरुवारी मीच त्यांना बिनसाखरेचा चहा देत होते.

"चूक झाली, बाई," माळीदादा म्हणाले.

ताई ओरडली नाही. ती कधीच ओरडत नाही. "बारा वर्षं," एवढंच म्हणाली. मग, "उद्यापासून येऊ नका." त्यांनी चहा घेतला नाही. खुरपं, कात्री, पाण्याचा झारा, सगळं जागच्या जागी ठेवून फाटकाची कडी लावून गेले. कडी लावायला विसरले नाहीत.

गल्ली म्हणजे गल्ली. ताई चहाडखोर नाही, पण समोरच्या बँकवाल्यांनी विचारलं तेव्हा जे झालं असं तिला वाटत होतं ते तिने सांगितलं. बँकवाल्यांकडून ते दातांच्या डॉक्टरणीकडे गेलं, तिच्याकडून कोपऱ्यावरच्या गाण्याच्या बाईंकडे. महिन्याभराने मी भाजी घेऊन येत होते तर डॉक्टरीण फाटकावरून म्हणाली, "आम्हीसुद्धा बंद केलं हो तुमच्या माळ्याला. म्हातारा जिवंत मुळं उपटतो म्हणे. डोळे गेले असतील. बँकवाल्यांनी आणि गाण्याच्या बाईंनीही. आता बाईंनंतर तिन्ही घरं बंद झाली त्याची." आणि वर, "तुम्ही किती मायेने पाणी घालत होतात, सिस्टर!"

भाजीची पिशवी मला जड झाली. मी घरी गेलेच नाही. तशीच बसच्या आगारामागे चालत गेले, तिथे माळीदादांची खोली आहे एवढं माहीत होतं.

दारात त्यांची बायको लाँड्रीचे कपडे इस्त्री करत होती. ढिगात मान घालून. मी कोण ते सांगितलं तशी तिने इस्त्री उभी केली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुम्हीच का त्या सिस्टर? ते नाहीत घरी. काम बघायला गेलेत. या वयात, दारोदार." 'बसा' म्हणाली नाही, आणि बरोबरच होतं. "इकडे या, एक दाखवते."

खोलीच्या बाजूला भिंत, आणि भिंतीलगत दोन वितींची पट्टी. सगळं ऊन तिथेच गोळा झालेलं. आणि त्या पट्टीत निळ्या फुग्यांची रांग. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. कळ्या फुगून टम्म, शिवणीवर ताणलेल्या, आणि मधे-मधे उमललेली फुलं, निळी, आत बारीक गडद शिरा. सात झाडं. प्रत्येकाला काटकीचा टेकू, सुती दोऱ्याने सैल बांधलेला.

"तुमच्या उकिरड्यातून आणली," ती म्हणाली. "ओल्या टॉवेलात गुंडाळून, लेकरं आणावीत तशी. जेवण नाही, काही नाही, आधी खड्डे. चार मेली, सात तगली. मी म्हटलं, एक कुंडी घेऊन जा आणि बाईंना दाखवा, खरं काय ते सांगा. तर म्हणतात, सिस्टर सांगणार आहेत, मी कसं बोलू? रोज म्हणतात. आज सांगतील, उद्या सांगतील." ती परत इस्त्रीकडे गेली. "या माणसाने आयुष्यात एक रोप मारलं नाही. आता गल्लीभर त्यांना मुळं उपटणारा माळी म्हणतात. किती थांबायचं ते तरी सांगा."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मी भाजीची पिशवी तिथेच विसरून आले.

घरी येऊन खण उघडला. काड्या रबरात होत्या, दहा. अकरावीने मी शेगडीचा कोपरा खरवडला होता, ती सिंकपाशी सापडली. चष्मा लावला. ताईचं फळ्यावरचं अक्षर, गोल, सुटं, प्रत्येक काडीवर तेच, अकरा वेळा.

'इथे आहे. उशिरा येते. थांब.'

हे तिने स्वतःसाठी लिहिलं नव्हतं. स्वतःला कोण असं लिहितं? किल्ली देणार होती मला, म्हणून बसून अकरा वेळा लिहिलं. माझ्यासाठी.

मी गेले तेव्हा ताई पलंगावर व्यायाम करत होती. गुडघा वाकव, सरळ कर, मोजत. मी काड्या तिच्या उशाशी ठेवल्या. "फुगेवाली मी उपटली," मी म्हणाले. "माळीदादांनी नाही. त्यांनी उलट वाचवली. त्यांच्या घरी फुललीय." आणि बाकीचं भराभरा ओकून टाकलं, फोनवरच्या टोकांसकट.

ती मोजत राहिली. अकरा, बारा, तेरा. वीसपर्यंत गेली. मग काड्या हातात घेऊन एक-एक बघितली, शेगडीने काळी पडलेली जरा जास्त वेळ.

"मला सांगणं सोपं आहे," ती म्हणाली. "मी काय करणार, किडे काढीन. माझ्या चपला आण."

"तुला चालवेल का एवढं?"

"तुझ्या खांद्याला धरून चालेन. आणि ते घडीचं स्टूल घे."

अशी निघाली आमची वरात. माझ्या एका खांद्यावर ताईचा हात, दुसऱ्या काखेत स्टूल. बँकवाल्यांच्या फाटकाशी तिने स्टूल मांडायला लावलं, बसली आणि हाक मारली. ते बाहेर आले तर मला म्हणाली, "सांग."

"ती झाडं… ती मी काढली होती. मला मेलेली वाटली. माळीदादांचा काही दोष नाही." बँकवाले ओशाळले, माझ्याऐवजी. डॉक्टरणीकडे मला जरा सुधरलं. आणि कोपऱ्यावर गाण्याच्या बाईंकडे तर मी छान बोलले. उशिरा येणारं झाड, मी नवखी, मला मेलेलं वाटलं, घाबरून बोलले नाही. गाण्याच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "असं कबूल करायला मोठं मन लागतं हो, सिस्टर. हल्ली कोण करतं?" आणि मला, लाज कशी वाटली नाही मला, बरं वाटलं! पाठ ताठ झाली माझी. पुढचा रस्ता मी जरा ऐटीतच चालले.

माळीदादा घरी होते. फुलांपाशी उकिडवे बसून खालची पिवळी पानं खुडत होते. ताई दिसली तशी टोपी काढून उभे राहिले. ताई आधी फुलांकडे गेली. एक टम्म कळी दोन बोटांत धरली, दाबली नाही, सोडली.

"दादा, मला हिने सगळं सांगितलं," ती म्हणाली. "मी विचारपूस न करता तुम्हाला काढलं. माझं चुकलं. परत याल का?"

"येतो की. सोमवारी येतो." जणू मधे सुट्टी होती. "पण बाई, ही आता हलवायची नाहीत. एकदा हलली, नशिबाने तगली. दुसऱ्यांदा नाही तगायची."

"राहू देत. मी इथे येऊन बघेन."

त्यांच्या बायकोने इस्त्री थांबवली होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. माळीदादांनी मात्र बघितलं. त्यांना माझी दया आली असावी. "सिस्टर, जिवाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "चुकतं माणसाचं. मेलंय असं कुणालाही वाटेल. वर काही दिसतच नाही ना. तुम्हाला कसं कळणार?"

झालं. माफी मिळाली. आयती, गरमागरम, ज्याच्याकडून मिळायची त्याच्याकडूनच. फक्त मान हलवायची होती. मी मान हलवायला गेले आणि ती हलेना. हा माणूस माझ्या खोट्याला टेकू देत होता, पुन्हा एकदा, आणि या वेळी त्याला ते माहीतही नव्हतं.

"वाटलं नव्हतं," मी म्हणाले.

"काय?" ताई म्हणाली.

"मेलंय असं वाटलं नव्हतं मला. पहिलंच मूळ तुटलं तेव्हा दूध आलं. मी बघितलं. अंगठ्याला लागलं माझ्या. जिवंत आहेत हे मला कळलं होतं. मग मी उरलेली दहा उपटली."

आगारात एक बस मागे घेत होते, तिचा आवाज तेवढा.

"का गं?" ताईने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

आणि माझ्याकडे एवढंच होतं, दुसरं काहीही नव्हतं. "रोपं आणून ठेवली होती," मी म्हणाले. "पेट्युनियाची. दोन ट्रे."

ताईचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. झटकून नाही, हळूच. ती भिंतीला टेकली. माळीदादांनी एकदा बायकोकडे बघितलं, टोपी डोक्यावर घातली आणि पुढे झाले. "चला बाई, ऊन आहे. मी सोडतो घरापर्यंत." ताईने त्यांचा खांदा धरला आणि दोघं चालायला लागले. त्यांच्या बायकोने घडीचं स्टूल उचलून माझ्या हातात दिलं. "पिशवी राहिली होती तुमची," ती म्हणाली आणि माझी भाजीची पिशवीही दिली. भाजीवर पाणी मारून ठेवलेलं होतं.

मी मागून चालत होते. दहा पावलं अंतर ठेवून. कोपऱ्यावर गाण्याच्या बाईंच्या फाटकाशी ताई दमली, थांबली. मी पळत जाऊन स्टूल मांडलं. ती बसली, माझ्याकडे न बघता. गाण्याच्या बाई खिडकीतून आम्हाला बघून हसत बाहेर आल्या.

"मिटलं ना सगळं? मी आत्ताच ह्यांना सांगत होते, सिस्टरांचं मन किती मोठं!"

ताई गुडघा चोळत राहिली. माळीदादा जमिनीकडे बघत होते. 'सांग' असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

मी पिशवी खाली ठेवली. "बाई, मघाशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं," मी म्हणाले, आणि दुधापासून सुरुवात केली. पुढे अजून दोन फाटकं होती.